काठीच्या दोन वंशावळी

चिनी युद्धकलेतली काठी आणि चिनी आरोग्यसाधनेतली काठी यांचा इतिहास सहसा एका दमात सांगितला जातो. शाओलिनच्या भिक्षूंनी लाठीची विद्या घडवली, बंदुका आल्यावर ती मागे पडली आणि उरलेसुरले हातवारे म्हाताऱ्यांच्या व्यायामाला आले, अशी ही गोष्ट. तिच्या हिशेबाने, चालण्याची काठी हातात घेऊन संथ लयीत, श्वासावर चित्त ठेवून केलेल्या हालचाली म्हणजे लढाईचा पातळ झालेला काढा. उपलब्ध पुरावे या गोष्टीला साथ देत नाहीत. त्यांत काठीच्या दोन स्वतंत्र वंशावळी दिसतात, एक देह जपण्याची आणि दुसरी रणाची. त्यांची सोयरीक बरीच उशिरा झाली, आणि तीही दोन्हीकडच्या गरजेतून.

पहिल्या वंशावळीचा ठळक पुरावा 1973 मध्ये हाती आला. हुनान प्रांतातल्या चांगशाजवळ मावांगदुई इथे इसवी सनपूर्व 168 मध्ये बंद केलेली एक कबर उघडली गेली. तीत सापडलेल्या रेशमी पटाचे तुकडे जुळवल्यावर व्यायाम करणाऱ्या 44 आकृती दिसल्या. त्यांत स्त्रिया आहेत तसे पुरुषही आहेत. काही आकृती प्राण्यापक्ष्यांच्या हालचालींची नक्कल करतात, एक गुडघेदुखीवरचा उपाय दाखवते. एक आकृती लांब काठी दोन्ही हातांत धरून कमरेतून वाकली आहे आणि शेजारच्या मजकुरात काठीने यिन आणि यांग यांचा मेळ घालण्याचा उल्लेख आहे. समोर शत्रू नाही, वारही नाही. याच काळात, म्हणजे हान राजवटीत, सत्तरी गाठलेल्यांना राजसत्तेकडून होल्याची आकृती बसवलेली काठी मिळे. गान्सू प्रांतातल्या वूवेइ इथे 1959 मध्ये सापडलेल्या लाकडी पट्ट्यांवर या काठीविषयीचे आदेश आहेत. काठीधारी वृद्धावर हात उगारणाऱ्याला देहदंडापर्यंत शिक्षा होऊ शके. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच काठी व्यायामाचे साधन होती आणि वयाचा मानही होती.

दुसरी वंशावळ शाओलिनची. हेनान प्रांतातल्या या मठाची स्थापना 495 ची मानतात. 621 मध्ये मठातल्या भिक्षूंनी तांग राजपुत्र ली शिमिनला युद्धात साथ दिली, हे 728 च्या शिलालेखावरून कळते. पण मठात कोणती युद्धविद्या शिकवली जाई, यावर तो शिलालेख काही बोलत नाही. लाठीचे भरघोस पुरावे मिळतात ते थेट मिंग काळात, 16व्या शतकात. किनाऱ्यावर चाच्यांचा उपद्रव वाढला तेव्हा, 1553 मध्ये, लढाऊ भिक्षूंच्या तुकड्या मैदानात उतरल्या. 1560 च्या सुमारास सेनापती यू दायौ मठात गेला, तर त्याला तिथली लाठी कच्ची वाटली आणि शिकवण्यासाठी तो दोन भिक्षूंना आपल्याबरोबर घेऊन गेला. लाठी हा सगळ्या शस्त्रांचा पाया आहे, असे त्याचे मत होते. पुढे छंग चोंगयौने मठात दहाहून अधिक वर्षे शिकून, 17व्या शतकाच्या आरंभी या विद्येवर सचित्र ग्रंथ लिहिला. मात्र ही लाठी माणसापेक्षा उंच होती. टेकत चालण्याच्या काठीशी तिचे नाते नावापुरतेच.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. भारतातून गेलेल्या बोधिधर्माने सहाव्या शतकातच ध्यान, प्राणायाम आणि युद्धकला यांचा संगम शाओलिनमध्ये घडवला, मग या दोन वंशावळी वेगळ्या कशा? आपल्याकडे ही कथा विशेष आवडीने सांगितली जाते. तिचा मुख्य आधार ‘यीजिन जिंग’ हा ग्रंथ, आणि तो 17व्या शतकातला आहे. सातव्या शतकातल्या एका सेनापतीच्या नावाने त्याला जोडलेल्या प्रस्तावनेत एका कथेतले कल्पित पात्र खऱ्या माणसासारखे वावरते, यावरूनच ती बनावट असल्याचे उघड होते. चिनी अभ्यासक तांग हाओ यांनी 1930 मध्ये ही दंतकथा तपासून निकालात काढली. तरी हा ग्रंथ टाकाऊ नाही. आरोग्यसाधना आणि लढाईची ताकद एकत्र आणण्याची धडपड 17व्या शतकात सुरू झाली होती, हे तोच सिद्ध करतो. हेनानमधल्या छेन गावाच्या परंपरेत ताय ची या संथ हालचालींच्या युद्धकलेचा उगमही याच शतकात सांगितला जातो. ग्रंथाला बोधिधर्मासारख्या जुन्या पुरुषाचे नाव लावावे लागले, कारण सोयरीक नवी होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मावांगदुईचे एक चित्र आणि आजचा काठीचा व्यायाम यांच्यामध्ये दोन हजार वर्षांची दरी आहे, ती कशी भरायची? ती भरत नाही, आणि अखंड गुरुपरंपरेचा दावा करूही नये. ताय चीचा 24 हालचालींचा सोपा संच 1956 मध्ये सरकारी क्रीडा आयोगाने तयार करवला. 1999 मध्ये फालुन गोंग या व्यायाम आणि ध्यान शिकवणाऱ्या पंथावर बंदी आल्यानंतर सरकारला आपल्या देखरेखीखालचे व्यायाम हवे होते. 2003 मध्ये चार अधिकृत संच आले, 2010 मध्ये आणखी पाच, आणि त्यांतला एक काठीचा आहे. समित्यांनी ठरवलेल्या या संचांना प्राचीन म्हणणे अतिशयोक्तीच होईल. पण त्यामुळे मूळ मुद्दा ढासळत नाही. नवे संच रचणाऱ्यांना काठी आरोग्यसाधनेत आणायला युद्धकलेची परवानगी लागली नाही. तिथे तिची जागा आधीपासून होती. शिवाय काठीचे कामही बदलले नाही. दोन्ही हातांतले अंतर ती कायम ठेवते, त्यामुळे कणा किती वळला, खांदा कुठे अडला, हे करणाऱ्याला लगेच कळते. चित्त देहावर आणण्याचा तो साधा, उघड मार्ग आहे.

उरतो स्वसंरक्षणाचा दावा. काठीच्या संथ हालचाली शिकल्या की वृद्ध माणूस हल्लेखोराला रोखू शकतो, अशी जाहिरात केली जाते. सेनापती छी जिग्वांगने 1560 च्या सुमारास लिहिलेल्या युद्धग्रंथात याहून प्रामाणिक भूमिका आहे. हातापायांच्या कसरतीचा मोठ्या लढाईत फारसा उपयोग नाही, पण अंग चपळ करायला ती चांगली, असे तो मानतो. संथ सरावाने तोल सुधारतो. झटापटीसाठी जोडीदाराबरोबर वेगळी तालीम लागते. वृद्धांच्या पडण्यावरच्या चाचण्यांचा 2019 मधला मोठा आढावा पाहिला, तर ताय चीमुळे पडणाऱ्यांचे प्रमाण सुमारे पाचव्या हिश्शाने घटू शकते असा त्याचा निष्कर्ष आहे. सत्तरीतल्या माणसाला चोरापेक्षा न्हाणीघरातली ओली फरशी जास्त धोक्याची असते. म्हणून या विद्येची थोरवी शाओलिनच्या रणकीर्तीवरून मोजण्याची गरज नाही. देह जपणे हे तिचे मूळ काम होते, आणि त्याच मापाने ती आजही खरी उतरते.