मावळातील दोन हजार वर्षांपूर्वीचा नमस्कार

आपल्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी पन्नास वर्षांचा वृत्तांत या स्मरणिकेत आलाच आहे. त्याआधीच्या मोठ्या वारशाचे स्मरण करावे, या हेतूने हा अल्प लेखनप्रपंच.

कोळवण खोऱ्यात आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज व्यापारानिमित्त आले. त्यामुळे येथील जैन धर्मही त्यांच्याबरोबरच आला, असा आपला समज असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. कोळवणहून तिकोना मागे टाकून, पवनेचे खोरे ओलांडून कामशेतपलीकडे नाणे मावळात गेले की पाले हे गाव लागते. तेथील डोंगरात एक लहानसे लेणे असून त्यात ब्राह्मी लिपीतील प्राकृत शिलालेख आहे. त्याचा आरंभ होतो 'नमो अरहंतानं' या शब्दांनी! नवकार मंत्राचे हेच पहिले पद आपण नित्य म्हणतो. १९६९ च्या सुमारास डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. शोभना गोखले यांनी हा लेख प्रकाशात आणला. तो इसवी सनपूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकातील मानला जातो. कलिंगनरेश खारवेलाच्या हाथीगुंफा लेखाचा प्रारंभही याच पदाने होतो. या आरंभामुळेच पाल्याचे लेणे जैन ठरविले गेले.

नमस्कारानंतर लेख सांगतो, की भदंत इंदरक्षित यांनी हे लेणे व पोढी करविली. पोढी म्हणजे कातळात खोदलेले पाण्याचे टाके. चातुर्मासात जीवहिंसा टळावी म्हणून साधू विहार करीत नाहीत. मावळच्या पावसात त्यांना निवारा हवा आणि उन्हाळ्यात पाणी हवे. त्या अल्पाक्षरी लेखात या दोन्ही गोष्टी आहेत. आपणही नव्या वहीच्या पहिल्या पानावर प्रथम इष्टदेवतेचे स्मरण करतो, मग हिशेब मांडतो. तीच रीत येथे पाषाणावर दिसते.

कार्ल्याच्या लेखांत या प्रदेशाचे 'मामाल' हे प्राचीन नाव आढळते. राजवटी गेल्या, नावाचे 'मावळ' झाले. नमस्काराचे शब्द मात्र जवळजवळ तसेच राहिले.

येथे एक विनंती करावीशी वाटते. जीर्णोद्धार हे पुण्यकर्म खरे. परंतु नव्या संगमरवराच्या हौसेपायी जुना लेख, पायरी वा पादुका नाहीशी झाली, तर ती कोणत्याही दानाने परत येत नाही. जुन्या वास्तूला हात लावण्यापूर्वी तिची छायाचित्रे घ्यावीत, लेखांचे ठसे जाणकारांकडून घ्यावेत, अक्षरांवर रंग वा चुना देऊ नये. पाल्यास जाणाऱ्यांनीही भिंतीवर आपले नाव लिहू नये. पन्नास वर्षे आपण संस्था सांभाळली. दोन हजार वर्षांची ही ठेव सांभाळणे हेही आपलेच कर्तव्य आहे.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.