आपला माणूस, परकं कोर्ट

१८ डिसेंबर १९९५ च्या सकाळी पश्चिम बंगालमधल्या पुरुलिया जिल्ह्यातल्या काही गावांना शेतशिवारात रायफली आणि काडतुसांचे ढीग पडलेले दिसले. रात्री एका आंतोनोव्ह-२६ विमानातून पॅराशूटने तो माल खाली सोडला होता. चारच दिवसांत ते विमान हवाई दलाने मुंबईत उतरवलं. लॅटव्हियाचे पाच विमान कर्मचारी आणि ब्रिटिश शस्त्रदलाल पीटर ब्लीच तिथेच पकडले गेले. सातवा माणूस मात्र विमानतळावरच्या गोंधळात बाहेर पडला आणि गेला तो गेलाच. त्याने लावलेलं नाव किम डेव्ही, खरं नाव नील्स होल्क, नागरिकत्व डेन्मार्कचं.

इथे नागरिकत्वाला महत्त्व आहे, कारण ‘आमचा नागरिक तुमच्या स्वाधीन करणार नाही’ हा युरोपातला जुना रिवाज. बेल्जियमने १८३३ मध्ये प्रत्यार्पणाचा कायदा केला, तोच मुळी परदेशी आरोपींपुरता. फ्रान्स, इटली, जर्मनीही याच वाटेने गेले. प्रजेचं रक्षण हे राज्याचं कर्तव्य आणि परक्या न्यायाधीशावर भरवसा नाही, ही त्यामागची भावना. पण या देशांकडे एक तोडही होती. त्यांच्या नागरिकाने परदेशात गुन्हा केला, तर घरच्या कोर्टात त्याच्यावर खटला चालवता येई.

इंग्लंडची गोष्ट उलटी. तिथे गुन्हा जिथे घडला तिथलंच कोर्ट तो चालवणार, ही परंपरा. परदेशात केलेल्या खुनासारखे मोजके गुन्हेच इंग्लंडमध्ये चालत. तरीही १८७४ च्या स्वित्झर्लंडबरोबरच्या करारात ‘आपापले नागरिक द्यायचे नाहीत’ हे कलम घातलं गेलं. त्याचा फटका तीन वर्षांत बसला. झुरिकमध्ये चोरी केल्याचा आरोप असलेला विल्सन नावाचा इंग्रज लंडनमध्ये सापडला, पण कलमाने कोर्टाचे हात बांधले. स्वित्झर्लंडला देता येईना, इंग्लंडमध्ये खटला भरता येईना. त्याला सोडून द्यावं लागलं. १८७८ मध्ये शाही आयोगाने, आरोपीचं नागरिकत्व बघू नये, अशी शिफारस केली.

अमेरिकेची परीक्षा एका ट्रंकेने घेतली. जून १९१० मध्ये इटलीतल्या कोमो सरोवरातून कोळ्यांनी एक ट्रंक वर ओढली. आत एका अमेरिकन बाईचं प्रेत होतं. तिचा नवरा पोर्टर चार्ल्टन बोटीने न्यू जर्सीत उतरला आणि अटकेत पडला. इटलीने त्याला मागितलं. इटली स्वतः आपले नागरिक देत नसे, तरी १८६८ च्या करारात ‘व्यक्ती’ एवढाच शब्द होता, नागरिकांचा अपवाद नव्हता. ते देत नाहीत तर आम्ही का द्यावं, हा चार्ल्टनच्या बाजूचा युक्तिवाद. १९१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. चार्ल्टन इटलीला गेला आणि कोमोतच दोषी ठरला.

‘आपले नागरिक द्यायचे नाहीत’ या कलमासाठी सर्वांत जास्त रक्त सांडलं ते कोलंबियात. अमेरिकेशी १९७९ मध्ये झालेला प्रत्यार्पणाचा करार पुढे अमली पदार्थांच्या टोळ्यांना फासासारखा वाटू लागला. ‘अमेरिकेतल्या कोठडीपेक्षा कोलंबियातली कबर बरी’ ही त्यांची घोषणा. न्यायमंत्री रॉद्रिगो लारा बोनिया १९८४ मध्ये मारले गेले, अध्यक्षपदाचे उमेदवार लुईस कार्लोस गालान १९८९ मध्ये. १९ जून १९९१ रोजी घटना समितीने नागरिकांच्या प्रत्यार्पणावर बंदी घातली. त्याच दिवशी टोळीप्रमुख पाब्लो एस्कोबार शरण आला. बंदी उठायला १९९७ उजाडलं.

युरोपही हळूहळू सैलावला. जर्मनीने २००० मध्ये घटना बदलली, डेन्मार्कने २००२ मध्ये कायदा. म्हणून २०१० मध्ये डॅनिश सरकार होल्कला अटींवर भारतात पाठवायला तयार झालं: फाशी द्यायची नाही आणि शिक्षा डेन्मार्कमध्येच भोगायची. कोर्टाने मात्र ते रोखलं, २०११ मध्ये वरच्या कोर्टानेही. भारतात छळाचा धोका आहे, हे कारण. नागरिकत्वाचा अडसर कायद्यातून निघाला होता, पण परक्या व्यवस्थेवरचा अविश्वास तुरुंगांच्या स्थितीचं कारण घेऊन पुन्हा दारात उभा राहिला. या वेळी तो निव्वळ अभिमानाचा मुद्दा नव्हता, एवढं आपण मान्य करायला हवं.

आपला माणूस द्यायचा नसेल, तर त्याच्यावर घरी खटला चालवावा, हा या रिवाजाचा दुसरा अर्धा भाग. भारताच्या १९६२ च्या कायद्यातही नंतर कलम ३४-अ घालून तशी सोय केली आहे. दुसऱ्या अर्ध्याशिवाय पहिला म्हणजे नुसती सुटका.

मुंबईत पकडलेल्या सहा जणांना कोलकात्यात जन्मठेप झाली. पाच जण २००० मध्ये आणि ब्लीच २००४ मध्ये माफी मिळून सुटले. होल्कवर मात्र खटलाच उभा राहिलेला नाही. भारताच्या नव्या मागणीवर हिलेरॉड इथल्या न्यायालयाने २९ ऑगस्ट २०२४ रोजी पुन्हा नकार दिला.