परवानगी विचारायला शिकलेला कॅमेरा

फोटोग्राफी शिकवणाऱ्या संस्थेचं वार्षिक प्रदर्शन आहे आणि त्यात फुटपाथवर झोपलेला माणूस नाही, असं सहसा होत नाही. फोटो कृष्णधवल, उशाशी चपला, खाली शीर्षक ‘बेघर’. दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना हाच विषय सुचतो. ही वाट पाडली कोणी, हे शोधायला एकोणिसाव्या शतकातल्या न्यूयॉर्कला जावं लागतं.

जेकब रीस हा तिथला पोलीस-वार्ताहर. १८७० मध्ये डेन्मार्कहून आल्यावर काही काळ तो स्वतःच बेघर होता. पोलीस ठाण्यातल्या निवाऱ्यात रात्र काढण्याची वेळ त्याच्यावरही आली होती. १८८७ च्या सुमारास फ्लॅशच्या भुकटीची बातमी त्याच्या कानावर आली आणि काही हौशी फोटोग्राफरांना घेऊन तो रात्री-अपरात्री गरिबांच्या खोल्यांमध्ये शिरू लागला. भुकटी पेटायची, लख्ख उजेड पडायचा, झोपेतले चेहरे दचकायचे, आणि मंडळी बाहेर. आंधळ्या भिकाऱ्यांच्या एका खोलीत या भानगडीत आग लागली, हे त्यानेच लिहून ठेवलंय. १८९० मध्ये त्याचं ‘हाउ द अदर हाफ लिव्ह्ज’ हे पुस्तक आलं आणि शहर हादरलं. १८९६ मध्ये थिओडोर रूझवेल्ट पोलीस मंडळाचे अध्यक्ष असताना ठाण्यांमधले ते गलिच्छ निवारे बंद झाले. मलबेरी बेंडची बकाल वस्ती पाडली गेली आणि १८९७ मध्ये त्या जागी बाग झाली. म्हणजे घाण हटली, पण त्या जागेवर राहणाऱ्यांसाठी घरं काही उभी राहिली नाहीत. फोटो पाहून पाडापाडी लवकर होते, बांधकामाला मात्र वेळ लागतो.

विद्यार्थी या गोष्टीत येतात ते एका शाळामास्तरामुळे. लुईस हाइन न्यूयॉर्कच्या एथिकल कल्चर स्कूलमध्ये शिकवायचा. कॅमेरा घेऊन तो एलिस बेटावर उतरणाऱ्या स्थलांतरितांना गाठायचा, आणि शाळेत मुलांना फोटोग्राफी शिकवायचा. त्यातलाच एक मुलगा पुढे पॉल स्ट्रँड म्हणून गाजला. हाइनने गिरणी-खाणींतल्या बालमजुरांचे फोटो काढले, देशाचा कायदा बदलायला मदत केली. पण १९४० मध्ये तो वारला तो कफल्लक होऊन. कर्जापायी स्वतःचं घरही त्याच्या हातून गेलं होतं. त्याचे फोटो सांभाळले ते ‘फोटो लीग’ने. १९३६ मध्ये सुरू झालेली ही संस्था माफक फीमध्ये वर्ग चालवायची आणि शिकणाऱ्यांना शहराच्या वस्त्यांमध्ये पाठवायची. न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीवर अ‍ॅरन सिस्किंडच्या गटाने केलेलं ‘हार्लेम डॉक्युमेंट’ हे तिचं सर्वांत नावाजलेलं काम. नावाजलेलं, पण एकांगीही: फोटो काढणारे जवळजवळ सगळे गोरे, बाहेरून आलेले, आणि त्यांच्या हार्लेममध्ये हलाखीच जास्त. १९४७ मध्ये सरकारने लीगचं नाव देशद्रोही संस्थांच्या यादीत घातलं. १९५१ मध्ये ती बंद पडली.

यापुढचा दुवा इंग्लंडात आहे, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा तोच. निक हेजेस हा बर्मिंगहॅमच्या कला महाविद्यालयाचा विद्यार्थी. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी त्याने बर्मिंगहॅम हाउसिंग ट्रस्टला हाताशी धरलं आणि शहरातल्या मोडकळीला आलेल्या घरांचे फोटो काढले. तो काळ विषयाला अनुकूल होता. १६ नोव्हेंबर १९६६ ला बीबीसीने केन लोचचा ‘कॅथी कम होम’ हा टीव्हीपट दाखवला होता. एक तरुण जोडपं पायरीपायरीने बेघर होतं आणि शेवटी मुलंही हिरावली जातात, ही त्याची कथा. पंधरवड्यातच, १ डिसेंबरला, ‘शेल्टर’ ही बेघरांसाठीची संस्था स्थापन झाली. तेव्हा सरकारच्या लेखी बेघर म्हणजे तात्पुरत्या निवाऱ्यात येऊन पडलेली कुटुंबंच. शेल्टरचं म्हणणं वेगळं: ओल आलेल्या, नळ नसलेल्या, राहण्यालायक नसलेल्या खोलीत मुलं वाढवणारी आईसुद्धा बेघरच. हा युक्तिवाद आकड्यांत मांडून भागणारा नव्हता, ती खोली आतून दाखवायला हवी होती. त्यासाठी शेल्टरने हेजेसला नोकरी दिली. १९६८ ते १९७२ तो ग्लासगो, लिव्हरपूल, मँचेस्टर असा हिंडला.

१९६९ मधला शेफील्डचा एक फोटो मुद्दाम सांगण्यासारखा. पाच जणांचं कुटुंब, घर पोलाद कारखान्याच्या मालकीचं, पण वीज नाही, गॅस नाही, न्हाणीघर नाही; स्वयंपाक बैठकीतल्या शेगडीच्या विस्तवावर. फोटोखाली घरातल्या बाईचं पूर्ण नाव कुठेच नाही, फक्त ‘मिसेस टी’. हेजेसने याच्याही पुढे जाऊन फोटोंच्या वापरावर चाळीस वर्षांचं बंधन घातलं. त्यातली मुलं मोठी होतील, नोकरी-लग्न करतील, तेव्हा त्यांची जुनी गरिबी कुणी भिंतीवर टांगू नये, हा हेतू. ते फोटो लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये सर्वांसमोर मांडले गेले ते २०१४ मध्ये. प्रसिद्धीच्या धंद्यात चाळीस वर्षं थांबणारा माणूस मला तरी दुसरा माहीत नाही.

कॅमेरा मग हळूहळू दुसऱ्या हातात गेला. वॉशिंग्टनमधला वृत्त-छायाचित्रकार जिम हबर्ड बेघर कुटुंबांचे फोटो काढत होता, आणि मुलं कॅमेऱ्यासाठी त्याच्यामागे लागायची. १९८९ मध्ये त्याने ‘शूटिंग बॅक’ सुरू केलं आणि निवाऱ्यातल्या मुलांनाच फोटो काढायला शिकवलं. मोठ्यांच्या फोटोंत ही मुलं केविलवाणी दिसत. त्यांच्या स्वतःच्या फोटोंत ती खेळताना, उड्या मारतानाही दिसतात.

याच सुमारास कॅरोलिन वांगने चीनच्या युनान प्रांतातल्या खेड्यांतल्या बायकांबरोबर ‘फोटोव्हॉइस’ नावाची पद्धत घडवली. पुढे तीच पद्धत मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरला, निवाऱ्यांत राहणाऱ्या स्त्री-पुरुषांपर्यंत आली. तिथे कॅमेरा हातात देण्याआधी चर्चा व्हायची ती भल्याबुऱ्याची: दुसऱ्याच्या आयुष्यात किती शिरायचं, कुठला फोटो काढायचा नाही. फोटोत जो येणार त्याची लेखी संमती घ्यायची, आणि ती मागायची निवाऱ्यात राहणाऱ्यांनीच.