उंचीची झेप (पौगंडावस्था)

वयात येताना मुलामुलींची उंची दोन-तीन वर्षे झपाट्याने वाढते, तिला उंचीची झेप म्हणतात. त्याआधी मूल वर्षाला साधारण ५-६ सेंमी वाढत असते. झेपेच्या भरात मुलगी वर्षाला ८-९ सेंमी, तर मुलगा ९-१० सेंमी वाढतो. हा भर मुलींमध्ये सरासरी १२व्या आणि मुलग्यांमध्ये १४व्या वर्षाच्या आसपास येतो. सहावी-सातवीच्या वर्गात उंचीप्रमाणे रांग लावली की मागे बहुधा मुली दिसतात, आणि दहावीपर्यंत चित्र पालटते, ते यामुळेच. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या उंचीत सरासरी १३ सेंमीचा फरक असतो. मुलग्यांना झेपेपूर्वी वाढायला मिळणारी जादा दोन वर्षे हे त्याचे मोठे कारण आहे.

झेपेची सुरुवात मेंदूतून होते. हायपोथॅलॅमसच्या संदेशाने पोष ग्रंथी जागी होते आणि तिची संप्रेरके मुलींचे अंडाशय व मुलग्यांची वृषणे कामाला लावतात. त्यांतून स्रवणाऱ्या इस्ट्रोजेन व टेस्टोस्टेरॉनमुळे वाढीच्या संप्रेरकाचाही जोर वाढतो. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा पातळ थर असतो. तिथल्या पेशी एकीवर एक रचल्या जाऊन वाढतात, मागे त्यांच्या जागी हाड तयार होते आणि हाड लांबते. पुढे हा थर बुजवून उंची थांबवण्याचे कामही इस्ट्रोजेनच करते, आणि तेही मुलग्यांतसुद्धा, कारण त्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचा काही भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. १९९४ साली अमेरिकी डॉक्टरांनी २८ वर्षांच्या एका पुरुषाची नोंद प्रसिद्ध केली. त्याच्या शरीरावर इस्ट्रोजेनचा परिणामच होत नव्हता. उंची २०४ सेंमी झाली होती, तरी हाडांची टोके उघडीच होती.

सगळे शरीर एकदम वाढत नाही. आधी पावले आणि तळहात, मग पाय, शेवटी धड. घरात पहिली तक्रार येते ती बूट आवळू लागल्याची, पँट आखूड होते ती नंतर. या काळात हातपाय लांबलचक दिसतात, चालण्यात थोडा अवघडलेपणा येतो. त्यावरून मुलांना हिणवू नये.

इतर बदलांशी झेपेचा क्रम ठरलेला असतो. मुलींमध्ये स्तनांची वाढ सुरू होते त्याच सुमारास झेपही सुरू होते आणि पहिली पाळी येते ती झेपेचा भर ओसरल्यावर. म्हणून पाळी आली की उंची वाढायची थांबते, हा समज खरा नाही. त्यानंतरही बहुतेक मुली आणखी ५-७ सेंमी वाढतात. मुलग्यांत वृषणांची वाढ आधी होते, झेप त्यामागून येते. आवाज फुटतो तो तिच्या भराच्या आसपास.

एकाच मुलाची उंची वर्षानुवर्षे मोजण्याचा सर्वांत जुना ज्ञात प्रयत्न फ्रान्समधला. माँबेयार यांनी १७५९ ते १७७७ या काळात आपल्या मुलाची उंची नोंदवली आणि ब्यूफाँ यांनी ती आपल्या ग्रंथात छापली. विसाव्या शतकात इंग्लंडमधील हार्पेंडन येथे जेम्स टॅनर यांनी बालगृहातील मुलांची अनेक वर्षे मोजमापे घेतली. प्रत्येकाची झेप वेगळ्या वयात येत असल्याने वयानुसार काढलेल्या सरासरीच्या आलेखात ती चपटी होऊन जाते, हे त्यांनी आग्रहाने मांडले. शेजारच्या मुलाशी तुलना चुकीची ठरते, ती याच कारणाने. लवकर वयात येणारे मूल आधी उंच दिसते, पण त्याची वाढ थांबतेही लवकर.

उंची वाढवण्याचा दावा करणाऱ्या पावडरी आणि बारला लोंबकळणे यांनी हाडे लांबत नाहीत. पुरेसा आहार, प्रथिने, झोप आणि दीर्घ आजारांवर वेळीच उपचार यांनी मात्र फरक पडतो. दर सहा महिन्यांनी भिंतीला टाच टेकवून उंची मोजावी आणि भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये सुधारलेल्या तक्त्यावर मांडावी. वयात येण्याची लक्षणे मुलीत ८ किंवा मुलग्यात ९ वर्षांआधी दिसली, अथवा अनुक्रमे १३ आणि १४ वर्षांपर्यंत दिसलीच नाहीत, तर डॉक्टरांना दाखवावे. डाव्या हाताच्या व मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचे वय काढून ते किती वाढ उरली आहे याचा अंदाज देतात.