स्थलांतरित व स्थानिक : मृत्युदरांतील फरक

बाहेरून आलेले रहिवासी आणि तिथेच जन्मलेले लोक यांच्या मृत्युदरांतील तफावत. तुलना वयोगटवार करावी लागते, कारण स्थलांतरितांत तरुणांचा भरणा असतो. तरीही अनेक देशांत त्यांचा दर कमीच आढळतो. गाव सोडतात ते बहुधा धडधाकट असतात. खंगलेले पुष्कळदा परततात आणि त्यांचे मृत्यू मूळ गावी नोंदले जातात.

मुंबई हे याचे ठळक उदाहरण. १९११ च्या जनगणनेत शहरातील पाचांपैकी सुमारे चार रहिवासी बाहेर जन्मलेले होते. कोकणातले, घाटावरचे गिरणी कामगार दुखणे बळावले की गाव गाठत. १८९६ मध्ये प्लेग आल्यावर तर लाखोंनी शहर सोडले.

चाकण-तळेगाव औद्योगिक पट्ट्याजवळच्या, मावळ तालुक्यातील सुदुंबरे गावालाही हा मुद्दा लागू पडतो. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्यू जिथे घडतो तिथेच नोंदला जातो. आजारी परप्रांतीय कामगार गावी जाऊन वारला, तर मावळच्या दप्तरात त्याची नोंद होत नाही. म्हणून कमी मृत्युदरावरून कामगारांचे आरोग्य चांगले आहे, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते.

आजारागणिक चित्र बदलते : ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई लोकांत हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण स्थानिकांपेक्षा जास्त आढळले आहे.