‘मोर्तब’ : एका समाप्तिवाचक शब्दाचा इतिहास

आजच्या मराठीत ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द मान्यतेचा वाचक आहे. एखादा निर्णय कायम झाला, की त्यावर शिक्कामोर्तब झाले असे म्हणतात. या प्रयोगात ‘मोर्तब’ ही ‘शिक्का’ या शब्दाची केवळ पुनरुक्ती वाटते. ऐतिहासिक कागदपत्रांत मात्र हे दोन शब्द दोन भिन्न मुद्रांचे वाचक आहेत. आणि त्यांपैकी दुसऱ्याचा संबंध प्रथमतः लेखनाच्या शेवटाशी आहे.

‘मोर्तब’ हे अरबी ‘मुरत्तब’ या शब्दाचे फार्सीच्या द्वारे मराठीत आलेले रूप होय. मूळ अर्थ ‘क्रमाने लावलेले, सिद्ध केलेले’ असा आहे. त्याच र-त-ब या धातूपासून ‘मानमरातब’ यातील ‘मरातब’ आणि दुधाचा ‘रतीब’ हे शब्दही निघाले आहेत. आद्य उकाराचा ओकार होणे व द्वित्वाचा लोप होणे, हे दोन्ही विकार ‘मुकद्दम’ व ‘मोकदम’ या जोडीतही दिसतात. कागदांवर आढळणारे ‘मोर्तब सूद’ हे शब्द म्हणजे फार्सी ‘मुरत्तब शुद’, अर्थात ‘सिद्ध झाले’. ‘शुद’चे ‘सूद’ होणे हे ‘शुरू’चे ‘सुरू’ होण्यासारखेच आहे. तात्पर्य, मूळ शब्दात समाप्तीचा अर्थ नाही. तो त्याला कागदावरील स्थानामुळे प्राप्त झाला.

शिवछत्रपतींच्या पत्रांत मुख्य मुद्रा सामान्यतः शिरोभागी असते, तर ‘मर्यादेयं विराजते’ ही लहान मुद्रा मजकूर संपतो तेथे उमटविलेली असते. पेशवेकालीन कागदांत हेच कार्य ‘लेखनसीमा’ ही मुद्रा करते. या शेवटच्या मुद्रेस मोर्तब म्हणत. मुद्रेवरील संस्कृत शब्द सरळ सीमा सांगतात. तिचे दफ्तरी नाव मात्र सिद्धता सांगते. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर रघुनाथपंडितांच्या राज्यव्यवहारकोशाने दरबारी फार्सी शब्दांस संस्कृत पर्याय दिले. तथापि ‘मोर्तब’ हे नाव पेशवाईतही प्रचारात राहिले.

अशा सीमेची गरज काय होती? मोडी लिपीत शब्द तोडून लिहिण्याची रीत नव्हती. ओळीची रेघ आधी ओढून तिच्याखाली अखंड मजकूर लिहीत. शेवटच्या ओळीनंतर कोरा कागद उरल्यास तेथे मागाहून चार शब्द घालणे अवघड नव्हते. आणि वतनाच्या अथवा इनामाच्या कागदात चार शब्दांनी जमिनीचा धनी बदलू शकत असे. मोर्तबामुळे या शक्यतेस आळा बसे. त्यापुढील अक्षर आज्ञेचा भाग नव्हे, असा त्याचा अर्थ होता.

पोथीच्या अखेरीस येणारा ‘इति’ व पत्राच्या अखेरीचे मोर्तब यांतील भेदही येथे ध्यानी घेण्याजोगा आहे. ‘इति’ वाचकास ग्रंथ पूर्ण झाल्याचे कळवितो; मोर्तब लिहिणाऱ्याचा हात थांबविते. पहिला शब्द शेवटाचे निवेदन आहे, दुसरा शेवटाचे रक्षण.

‘शिक्कामोर्तब’ हा समास म्हणूनच मुळात द्वंद्व होय. त्यात कागदाचे मस्तक आणि पाय ही दोन्ही टोके एकत्र आली आहेत. वरचा शिक्का आज्ञा कोणाची ते सांगे, खालचे मोर्तब ती कोठे संपली ते सांगे. दोन्ही असली म्हणजे कागद पुरा व प्रमाण ठरे, आणि या प्रामाण्यावरूनच आजचा मान्यतेचा अर्थ उद्भवला. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर जुनी दफ्तरपद्धती मागे पडली. मुद्रा डोळ्यांआड झाल्या तसा समासातील भेदही विसरला गेला.

हा अर्थभेद केवळ कोशकाराच्या उपयोगाचा नाही. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड प्रसिद्ध केल्यापासून अशी हजारो पत्रे छापली गेली आहेत. मूळ कागदावर मोर्तबानंतर मजकूर असेल, तर तो कोणी, केव्हा व कोणत्या अधिकाराने लिहिला हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा लागतो. मोर्तबास नुसता दुसरा शिक्का समजणाऱ्या वाचकास तो प्रश्न सुचणारच नाही.