चेंडू, पत्र आणि बालवाचक

बालसाहित्याचा व्यवहार मोठा विलक्षण आहे. पुस्तक वाचते मूल, त्याचे पैसे मोजतात आईवडील आणि पुष्कळदा ते निवडतात शिक्षक. लेखक आणि त्याचा खरा वाचक यांच्यामध्ये अशी वडीलधाऱ्यांची रांग उभी असते. ती ओलांडून मुलापर्यंत पोहोचण्यासाठी लेखक-प्रकाशकांनी आजवर नाना युक्त्या योजल्या. त्यांत मुलाविषयीचा जिव्हाळा किती आणि व्यापार किती, हा प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे इतिहासात डोकावू या.

लंडनमधील जॉन न्यूबेरी या प्रकाशकाने १७४४ साली मुलांसाठी एक चिमुकले, देखणे पुस्तक काढले. नुसत्या पुस्तकाची किंमत होती सहा पेन्स. आणखी दोन पेन्स दिले की मुलासाठी चेंडू किंवा मुलीसाठी टाचण्या टोचायची गादी सोबत मिळे. या खेळण्यांची एक बाजू लाल, तर दुसरी काळी. पुस्तकात लोककथेतल्या राक्षस मारणाऱ्या जॅकचे पत्र छापले होते. मुलाने चांगले काम केले की लाल बाजूला एक टाचणी टोचावी, वाईट केले की काळ्या बाजूला. लाल बाजूला दहा टाचण्या झाल्या, तर जॅक एक पेनी पाठवील. काळ्या बाजूला दहा झाल्या, तर छडी! खेळण्याने मूल खूश आणि शिस्तीने पालक खूश, असा हा दुहेरी हिशेब होता.

मात्र याच न्यूबेरीच्या दुकानात डॉ. जेम्स यांची तापावरची पूडही विकली जाई. १७६५ साली त्याने प्रसिद्ध केलेल्या 'गुडी टू-शूज' या कथेतील नायिकेचा पिता तापाने दगावतो, आणि तो दगावला त्या गावी डॉ. जेम्स यांची पूड मिळत नव्हती, हे सांगायला कथा विसरत नाही! एका पोरक्या मुलीच्या दुःखात औषधाची जाहिरात मिसळलेली पाहून हसावे की खेद करावा, हेच कळेनासे होते. तरीही या गृहस्थाने मुलांना स्वतंत्र वाचक मानले. त्याच्या नावाचे पदक अमेरिकेत १९२२ पासून उत्तम बालसाहित्याला दिले जात आहे, ते उगीच नव्हे.

दुसरे उदाहरण बिआट्रिक्स पॉटर यांचे. ४ सप्टेंबर १८९३ रोजी स्कॉटलंडमधून त्यांनी एक पत्र लिहिले. ते होते त्यांच्या पूर्वीच्या शिक्षिकेच्या आजारी मुलासाठी, पाच वर्षांच्या नोएलसाठी. काय लिहावे ते सुचेना, म्हणून त्यांनी चार सशांची गोष्ट चित्रे काढून सांगितली. नोएलने ते पत्र जपून ठेवले. काही वर्षांनी बाईंनी तेच पत्र त्याच्याकडून मागून घेतले आणि त्याचे पुस्तक केले. प्रकाशकांनी नकार दिला, तेव्हा डिसेंबर १९०१ मध्ये स्वखर्चाने अडीचशे प्रती छापल्या. पुस्तक लहान हातांत मावावे आणि किंमत लहानांच्या आवाक्यातली असावी, हा त्यांचा आग्रह होता. ऑक्टोबर १९०२ मध्ये फ्रेडरिक वॉर्न यांच्या संस्थेने ते रंगीत चित्रांसह प्रसिद्ध केले, आणि पीटर ससा घरोघरी पोहोचला.

पॉटरबाई व्यवहारातही कच्च्या नव्हत्या. पीटरची बाहुली त्यांनी स्वतः शिवली आणि १९०३ साली तिचे हक्क नोंदवून घेतले. पुढे सोंगट्यांचा खेळ आला, भिंतीवर चिकटवायचा चित्रांचा कागदही आला. पण त्याचबरोबर त्या ओळखीच्या मुलांना इवलीइवली पत्रे धाडीत. ही पत्रे कथेतल्या प्राण्यांनी एकमेकांना लिहिलेली असत. तुटलेले शेपूट परत द्यावे, अशी विनंती खार घुबडाला करी! या पत्रांतून एक पैसाही मिळणार नव्हता. १९४३ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा चार हजारांहून अधिक एकर जमीन त्यांनी राष्ट्रीय वारसा जपणाऱ्या न्यासाला ठेवली. त्यांच्या पुस्तकांच्या मिळकतीचा त्यात मोठा वाटा होता.

हे वाचताना आम्हांला साने गुरुजींची आठवण होते. अमळनेरच्या छात्रालयात ते मुलांसाठी रोज हस्तलिखित दैनिक काढीत. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिताना त्यांनी प्रकरणांना 'रात्र' असे नाव दिले. कारण ती गोष्ट आधी ऐकायची होती, मग वाचायची. पुतणी सुधा हिला लिहिलेली त्यांची पत्रे 'साधने'तून महाराष्ट्रातील कित्येक मुलांनी जणू आपल्यालाच आली म्हणून वाचली.

पुस्तक विकण्यात काही गैर आहे, असे आम्ही मानीत नाही. न विकलेले पुस्तक मुलाला भेटणार तरी कसे? परंतु न्यूबेरीच्या चेंडूचे लक्ष मुलाइतकेच पालकांच्या खिशाकडे होते, तर नोएलच्या पत्राचे लक्ष केवळ नोएलकडे होते. आपल्या शाळांत आणि वाचनालयांत लेखकांना बोलावताना आपण एवढेच पाहावे, की पाहुणे किती प्रती खपवून गेले यापेक्षा किती मुलांशी बोलून गेले. आणि एखाद्या मुलाने लेखकाला पत्र लिहिले, तर त्याला उत्तर अवश्य मिळावे. ते उत्तर तो किती वर्षे जपून ठेवील, हे कोणी सांगावे?